राहिलेली दोन प्रकरणं

बाईंचा नेम ठरलेला होता. आठवड्याचे चार दिवस सगळ्या वर्गाने मिळून एकच कादंबरी वाचायची आणि शुक्रवारी ज्याला जे आवडेल ते पुस्तक; सोमवारपर्यंत ते घरी न्यायचीही मुभा. पण परीक्षा तोंडावर आली, दीपगृहावरची ती कादंबरी अजून अर्धीच, आणि मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून चांगलंच सुनावलं. बाईंनी राग काढला तो बिचाऱ्या शुक्रवारावर. आवडीची सगळी पुस्तकं कपाटात गेली, कपाटाला कुलूप, किल्ली पर्समध्ये.

वर्गात जिला सगळे मिणमिण म्हणत, ती मुलगी तेवढी टेबलापाशी आली. "बाई, त्या हरवलेल्या कुत्र्याच्या पुस्तकाची माझी दोनच प्रकरणं राहिलीत."

"पुस्तक काही पळून जात नाही गं. आधी सगळ्यांचं, मग आपलं."

ती मान हलवून जागेवर गेली. का हवंय, एवढं विचारायला काय जात होतं? पण बाईंना पानं संपवायची घाई.

तिसऱ्या आठवड्यात मिणमिण शाळेत येईनाशी झाली. तिचे वडील वारले, असं शिपायाने सांगितलं. कित्येक महिने अंथरुणाला खिळले होते म्हणे.

ती परत आली तोवर कादंबरी संपली होती. मधल्या सुट्टीत बाईंनी कपाट उघडलं आणि कुत्र्याचं ते पुस्तक स्वतः तिच्या हातात दिलं. तिने ते टेबलावर ठेवलं.

"बाबांना वाचून दाखवत होते," ती म्हणाली. "पुस्तक मिळेना, म्हणून मग वर्गातलीच गोष्ट पुढे जोडून सांगितली. कुत्रं शोधत शोधत सगळे दीपगृहावर गेले, असं. पण बाबा रोज विचारायचे, कुत्रं सापडलं का? शेवटी शेवटी तेवढंच विचारायचे. मग मी म्हटलं, सापडलं." तिने मान वर करून विचारलं, "सापडतं ना, बाई?"

ते पुस्तक बाईंनी कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. त्या घाईघाईने शेवटची पानं काढू लागल्या, तर मिणमिणने पुस्तकावर हात ठेवला.

"नको बाई. मी त्यांना सांगून बसलेय. नसलं सापडलं, तर आता कुणाला सांगू?"