तुंबा चांगला हाय न्हवं?

अहो, इकडं बघा. भिंतीकडं काय बघताय, भिंत कशाला बोलेल! बोलतेय ती मी, ही टपाची गाडी, निपाणीच्या वखारीमागं चिंचेखाली उभी आहे ती. आज सकाळीच मला हिरवा रंग दिलाय, म्हणून तुम्हाला नवी वाटले असेन. हात लावू नका, रंग ओला आहे अजून. आणि मी सांगते ते जरा लवकर ऐकून घ्या, कारण मला बघायला गिऱ्हाईक येतंय.

मला घडवलं चन्नय्या सुतारानं. हा मूळचा म्हैसूरकडचा, पोटासाठी निपाणीला आलेला. हात सोन्याचा, पण मराठी मोडकंतोडकं. माझा टप त्यानं वेताचा विणला, आणि बैठक तर अशी केली की बघत राहावं. इतर गाड्यांचा साटा, म्हणजे बसायची लाकडी चौकट, आखावर थेट टेकतो. माझी बैठक त्यानं चामड्याच्या वाद्यांवर टांगली, पाळण्यासारखी. खाली चाक दगडावर चढलं तरी वरचं माणूस नुसतं झुलायचं.

चाकांचं मात्र वेगळं झालं. त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी एक बाभळ वाऱ्यानं पडली होती. तिच्याच ओंडक्यातनं माझे दोन्ही तुंबे निघाले. तुंबा म्हणजे चाकाच्या मधला लाकडी गड्डा. आरे त्यातच रोवलेले असतात आणि आख त्यातूनच जातो. तो फुटला की चाक राहत नाही, मोळी राहते. माझ्या तुंब्यांचं लाकूड ओलं होतं. ओलं लाकूड वरून शहाण्यासारखं गप्प असतं, आणि सुकत जाईल तसं आतून तडकायची वाट शोधतं. चन्नय्याला हे माहीत होतं. एक उन्हाळा सावलीत काढला असता तर काय ते कळलं असतं. पण गाडी दसऱ्यापर्यंत तयार हवी म्हणून घाई झाली होती.

घाई होती परशरामला. परशराम म्हणजे तंबाखूचं रान राखून असलेला गल्लीतला सुखवस्तू शेतकरी. त्याची एकुलती लेक बाळाबाई, सगळी तिला बाळी म्हणत, बेळगावच्या पलीकडं पिरनवाडीला दिली होती. पहिल्या खेपेला बाळंतपणासाठी तिला त्यानं तंबाखूच्या उघड्या गाडीतनं आणलं. वाटभर हिसके बसले, आणि पोटातलं राहिलं नाही. पिरनवाडीच्या विहीणबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पोती आणि लेक ह्यात फरक करा की हो, आप्पा." ते बोलणं परशरामच्या काळजात रुतून बसलं. आता बाळीला पुन्हा दिवस गेले होते. सातवा लागला की आणायचं. सर्व्हिस मोटार नुकतीच सुरू झाली होती, पण तिच्या धुराच्या वासानंच बाळीला मळमळायचं. म्हणून गाडीच घ्यायची, पण हिसका न बसणारी. ह्या वेळी मूल घरापर्यंत आलं पाहिजे, बाकी त्याला काही नको होतं.

दसरा झाल्यावर एका सकाळी त्यानं दारात तीन गाड्या मागवल्या. पारखायची रीत त्यानं स्वतःच काढली होती. पितळी तांब्या पाण्यानं काठोकाठ भरायचा, बैठकीवर ठेवायचा आणि गल्लीतल्या फरश्यांवरून गाडी हाकायची. जिच्यात पाणी सांडणार नाही ती गाडी घ्यायची.

हे चाललेलं असताना समोरची अक्काताई घरात बसेल? गल्लीत कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते तिला झाकण न काढता कळायचं. पण माणूस मायेचं. ती पदर खोचून आली आणि प्रत्येक गाडीत चढून आडवी झाली.

पहिली होती संकेश्वरच्या घडणीची. तिची चाकं बघून माझीच छाती दडपली. जुनी मुरलेली बाभळ, मनगटासारखे आरे. पण दोन फरश्यांतच तांब्या अर्धा झाला. अक्काताई कंबर धरून उतरली. "ही गाडी न्हवं रं परशा, चालती वखार हाय. हिच्यात बसलेल्या माणसाचीबी तंबाखू हुईल!"

दुसरी बेळगावच्या कॅम्पातनं आलेली. पितळी कंदील, लोखंडी स्प्रिंगा, आरशासारखा रंग. तिच्यात पाणी सांडलं नाही, उडालं. अक्काताई म्हणाली, "मडमंला बरी. आमच्या बाळीला आत बांधून घालाय लागंल."

मग माझी पाळी आली. मी फरश्यांवरून गेले, परत आले. तांब्यातलं पाणी काठाशी थरथरलं आणि तिथंच थांबलं. अक्काताई आत आडवी झाली ती उठायलाच तयार नाही.

"परशा, मलाच ने की रं कुटंतरी हिच्यातनं."

"कुटं नेऊ, अक्का? तू गेलीस तर गल्ली मुकी हुईल."

सगळी हसली. मीही सुखावले, खोटं कशाला बोलू. पण त्या तिघींत कोणती घ्यावी असं मला कुणी विचारलं असतं, तर मी संकेश्वरच्या गाडीकडं दांडी वळवली असती. मऊपणा गादी टाकून आणता येतो. चाक कुठून आणणार?

परशरामनं तांब्या उचलला. जाता जाता, रीत म्हणून, माझ्या उजव्या चाकावर थाप मारली आणि चन्नय्याला विचारलं, "तुंबा चांगला हाय न्हवं?"

चन्नय्याचा चेहरा फुलला. "व्हय अण्णा, तुंबा चांगला! तुंबा, तुंबा चांगला!"

झालं, सौदा ठरला. दोघांतला एकही खोटं बोलला नव्हता.

दिवाळीनंतर आम्ही पिरनवाडीला निघालो. कोरडं ऊन पडत होतं, आणि वारं असं की ओठ फुटावेत. माझ्या उजव्या तुंब्यात केसासारखी एक रेघ जागी झाली. जाताना गाडी रिकामी होती, म्हणून काही जाणवलं नाही. पिरनवाडीला विहीणबाईंनी माझी बैठक दाबून बघितली, वाद्या ओढून बघितल्या आणि म्हणाल्या, "ह्या वेळी लेक आठवली म्हणायची." परशरामची मान ताठ झाली. बाळीची ओटी भरली, आणि आम्ही परतीला लागलो.

बाळी आत बसली होती, तिच्याजवळ भरलेला तांब्या. परशराम हाकताना दर थोड्या वेळानं मागं वळून विचारायचा, "पाणी हाय न्हवं?" ती म्हणायची, "हाय, आप्पा." एवढ्यावर त्याचं समाधान व्हायचं. वाटेकडं त्याचं जेवढं लक्ष नव्हतं तेवढं त्या तांब्याकडं होतं.

वंटमुरीचा घाट उतरलो आणि रेघेची चीर झाली. मी बोलायला लागले. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, टक्. पुन्हा टक्.

आधी बाळीनंच ऐकलं. "आप्पा, खाली काय तरी वाजतंय."

"नवी गाडी हाय. नवी गाडी बोलतीच."

"बोलत न्हाय, आप्पा. कण्हतीया."

परशराम हसला. "तुझ्या आईसारखी झालीस बघ. तिलाबी सगळ्यात कण्हणंच ऐकू यायचं." पण संकेश्वरला मुक्काम करून सकाळी निघताना त्यानं वंगणाचं नळकांडं काढलं आणि उजव्या चाकाच्या मध्यात भरभरून ओतलं. काळं, दाट वंगण चिरेत उतरलं, तळापर्यंत गेलं. माझा आवाज बंद झाला.

"बघ, बसली का न्हाय गप?"

आता मी चिरत होते आणि कुणाला ऐकू जात नव्हतं. माणसाला हाक मारायची असावी आणि तोंडात बोळा असावा, तसं झालं माझं. तांब्यातलं पाणी तेवढं आरशासारखं स्थिर होतं.

त्याच दिवशी दुपारी निपाणीत काय झालं ते मी पुढं अक्काताईच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं. तिच्या दाराची चौकट फुगली होती, म्हणून चन्नय्या ती तासायला आला होता. तिनं त्याला भाकरी आणि ठेचा वाढला. पहिल्या घासालाच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अक्का, ठेचा तुंबा तिखट!"

अक्काताईला हसू आवरेना. "ठेच्याला तुंबा कुटनं आला रं?"

"तुंबा म्हंजे... हितं भाळ म्हणतात ना कानडीत? लई. आमच्याकडं तुंबा."

हसता हसता अक्काताईचा हात थांबला. कानडी तिलाही येत होतं, साऱ्या गल्लीला येत होतं, पण इथल्या कानडीत 'लई'ला कुणी तुंबा म्हणत नाही.

"मग त्या दिवशी परशा इचारत हुता, तवा तू काय सांगितलंस?"

"गाडी तुंबा चांगला, म्हणालो. लई चांगला."

"आणि चाकाच्या मधला गड्डा? त्यो कसा हाय?"

चन्नय्यानं भाकरी खाली ठेवली. "तो ओला हाय, अक्का. दोन्ही एकाच ओंडक्याचे. उन्हाळा गेल्याबिगर लांब नेऊ नका, सांगणार होतो. अण्णानं ते विचारलंच नाय. पाणीच बघत होता."

अक्काताईनं चुलीवरचा तवा तसाच टाकला. आज संध्याकाळच्या आत गाडी निपाणीवरचा तवंदीचा घाट उतरणार, हे तिला माहीत नसेल तर कुणाला असणार? ती निघाली, आणि तिच्या मागं हात न धुतलेला चन्नय्या.

दिवस कलता कलता आम्ही घाटाच्या माथ्यावर आलो. खाली निपाणी दिसत होती. घर दिसलं की बैल ओढ घेतात, तशी त्यांनी घेतली. पहिली दोन वळणं गेली. तिसऱ्या वळणाच्या खालून एक बाई हात उडवत धावत येत होती.

"उतर! बाळे, उतर खाली!"

परशरामनं कपाळावर हात मारला. "आली बघ चौकश्या करायला. घरापतोर दम निघंना हिला. पिरनवाडीची सगळी बातमी आता घाटातच पायजे."

बाळी हसली. "थांबवा की, आप्पा. मीबी अवघडलीया. उतरून जरा चालते अक्काबरोबर."

माणसांच्या चौकशीच्या सवयीबद्दल देवाचे आभार मानावेत अशी माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ. एक बाई चौकशीला आली म्हणून दुसरी बोलायला उतरली. तेवढंच कारण.

परशरामनं तिला हात धरून उतरवलं आणि तांब्या तिच्या हातात दिला. "हे घे. इथवर सांडलं न्हाय, आता घरात देवाम्होरं ठेवू." मग तो पुन्हा पुढं चढला. "गाडी तेवढी वळणाखालच्या सपाटीला घेतो."

"परशा, चढू नगंस!" अक्काताई ओरडली. "तुंबा..."

"तुंबा चांगला हाय, अक्का!" तो हसत म्हणाला आणि त्यानं कासरा सैल केला.

वळणावर माझा सगळा भार उजवीकडं आला. वंगण प्यालेला तुंबा आवाज न करता उघडला, पिकलं फळ उघडावं तसा. आरे एकामागून एक निखळले. मी आडवी झाले, आणि कठड्याचे दगड घेऊन खाली गेले. जू मोडलं म्हणून बैल वाचले. परशराम माझ्याखाली होता.

वर रस्त्यावर बाळी दोन्ही हातांत तांब्या धरून उभी होती. अक्काताई सांगायची, त्यातलं पाणी तेव्हाही सांडलं नव्हतं. चन्नय्यानं तिच्या हातातून तांब्या सोडवून घेतला, खाली उतरून ते पाणी परशरामच्या तोंडात घातलं. त्यानं ते गिळलं नाही.

बाळीला मुलगा झाला, वेळेवर, धडधाकट. परशरामला हवं होतं ते घरापर्यंत आलं. बारशाला पाळण्याची दोरी अक्काताईनंच धरली, आणि त्या दिवशी गल्लीत तिनं कुणाचीच चौकशी केली नाही. मला घाटातनं ओढून आणून वखारीमागं टाकलं, आणि चन्नय्या त्याच आठवड्यात गाव सोडून गेला. जाताना तो माझ्याजवळ आला होता. डाव्या चाकाच्या तुंब्यावर त्यानं तळहात टेकवला आणि तो निघून गेला.

डाव्या. हे ध्यानात ठेवा.

मला कुणी जाळलं नाही, कुणी विकलंही नाही. माणूस घेतलेली गाडी म्हणून लोक लांबून जात. टपात कोंबड्या बसू लागल्या. एकटी अक्काताई येता-जाता पोरासोरांना दटावायची, "त्या गाडीत बसू नका रं. दुसरा तुंबाबी त्याच ओंडक्याचा हाय." ती गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिच्याबरोबर ते वाक्यही गेलं.

मग मोठी लढाई आली. मोटारींना पेट्रोल मिळेना, त्या कोळशावर धापा टाकू लागल्या, आणि लोकांना पुन्हा गाड्या आठवल्या. लढाई संपली तरी पेट्रोल अजून मोजूनमापूनच मिळतंय. परशरामच्या पुतण्यानं, भावकूनं, मला कोंबड्यांखालून ओढून काढलं. वाद्या नव्या घातल्या, टप विणून घेतला. मोडलेल्या उजव्या चाकाच्या जागी संकेश्वरचं कोरं करकरीत चाक बसवलं. डाव्याकडं त्यानं बघितलं, मोडलेलं नव्हतं, म्हणून वरून रंग दिला. त्याच्या तुंब्यातही चीर पडलीय, तिच्यात रंग भरला. आता तुमच्या डोळ्यांनाही ती दिसायची नाही.

ते बघा, आलं गिऱ्हाईक. बेळगावजवळच्या सांबऱ्याचा माणूस आहे म्हणे. लेकीला आणायचंय त्याला. बैठक दाबून बघतोय, खूश झालाय. भावकू सांगतोय, "असली घडण आता मिळत न्हाय, पावनं. पाळणा हाय पाळणा!"

तो वाकला. उजव्या चाकावर थाप मारली.

"तुंबा चांगला हाय न्हवं?"

"अगदी नवा हाय!" भावकू म्हणाला. तोही खोटं बोलत नाही.

तुम्ही ऐकलंय सगळं, तर त्याला एवढं सांगा हो. चाक दोन्हीकडंनं बघ म्हणावं. रंग खरवडून बघ. बैल जुंपताहेत, मला पुढं घेताहेत. मी जीव एकवटून आवाज काढला.

टक्.

सांबऱ्याचा माणूस थांबला, त्यानं मान तिरपी केली. "काय तरी वाजलं?"

"लई दिस उभी हुती, म्हणून बोलतीया," भावकू म्हणाला, आणि वंगणाचं नळकांडं आणायला आत गेला.