उंबराची डहाळी

लेक समीक्षाच्या लग्नात भावकीला काडीचाही त्रास द्यायचा नाही, असं तुळशीरामने ठरवलं. या मोठेपणावर तो स्वतःच इतका खूश झाला, की आमंत्रणाला घरोघरी गेलाच नाही. मोबाइलवर चकचकीत पत्रिका धाडली आणि खाली लिहिलं, ‘सगळं कंत्राटाने दिलं आहे. आपण फक्त नटूनथटून यावे.’ कामोठ्याची जमीन बिल्डरला दिल्यापासून त्याला कंत्राटापलीकडे काही सुचतच नसे.

मांडवाचा दिवस उजाडला. खारघरहून आलेल्या मंडळींनी फुलांची कमान उभारली, गार हवेची यंत्रं लावली. नव्हती ती फक्त उंबराची डहाळी. ती भावकीने तोडून वाजतगाजत आणायची, त्याशिवाय घरचा मांडव पुरा होत नाही. आणि भावकीतलं चिटपाखरूही फिरकलं नव्हतं.

“डहाळी ना, सर? प्लास्टिकची आहे आपल्याकडे. एकदम ओरिजिनल वाटते,” मांडववाला सत्यजीत म्हणाला.

तुळशीराम तिचा भाव विचारणारच होता. मग त्याची त्यालाच लाज वाटली.

“कोनी आलाच नाय तं?” त्याची बायको मालू रडवेली झाली. “समीक्षाला हलद कोन लावंल? ती पन खारघरशी मागवनार काय?”

शेवटी गळ्यात बोटभर जाड चेन घातलेला गावातला हा बडा माणूस भर उन्हात चपला फरफटत चुलतभावाच्या घरी निघाला. वाटेत त्याने छान भाषण जुळवलं. दारात पोचल्यावर त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

“कमळाकर, माजा चुकला,” तो म्हणाला. “चल ना रं मांडवाला.”

कमळाकर ओटीवर बसला होता. डोक्यावर टोपी, हातात धार लावलेला कोयता. मागे अख्खी भावकी दाटीवाटीने बसलेली, ढोलवाल्यासकट. बायकांनी हळदही दळून ठेवली होती.

“सकालधरनं बसलोय,” कमळाकर म्हणाला. “तू येतोस का, तेवढा बघत व्हतो.”

तुळशीरामला भर ओटीवर हुंदका फुटला. एवढी माणसं आपल्यासाठी खोळंबली, या विचाराने त्याचा ऊर भरून आला.

त्याची म्हातारी चुलती कमळाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

“तुज्यासाटी नाय रं,” ती म्हणाली. “पोर आमची हाय. तू तं नुसता बाप.”