ढेकराची तपासणी

आमच्या कारखान्यात वर्षातून एकोणीस दिवस प्रत्येकाला मुकादमासमोर उभं राहून ढेकर द्यावा लागे.

जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचं, हे आमचं काम. मी फोडणीवर होते, माझा धाकटा भाऊ भट्टीवर. वर्षातून एकदा आरोग्य खात्याची नर्स येऊन सगळ्यांचं रक्त न्यायची. रक्तातल्या शिशाचा आकडा ठरलेल्या हद्दीच्या वर गेला, तर भट्टीला टाळं. म्हणून नर्स यायच्या आधी एकोणीस दिवस मालक आम्हाला पांढऱ्या कॅप्सूल वाटायचा.

"ताकदीच्या आहेत. घरचे समजून देतोय, थुंकू नका," म्हणायचा.

त्या गोळ्यांना सडक्या अंड्याचा वास. पोटात विरघळल्या की ढेकरालाही तोच. मुकादम अर्ध्या तासाने फिरायचा आणि एकेकाच्या तोंडाशी नाक नेऊन म्हणायचा, "ढेकर दे." वास आला की पुढे. आम्ही त्याचं नावच नाक्या ठेवलं होतं.

दरवर्षी आकडे खाली यायचे. नर्स जायची, गोळ्या बंद व्हायच्या, आणि महिन्याभरात पुन्हा पोटात मुरडा, हिरड्यांवर निळी रेघ.

मग एका सकाळी धाकट्याला लेकीची वेणी घालता येईना. आई नसलेली पोर, तिची वेणी रोज तोच घालायचा. त्या दिवशी दोन्ही मनगटं पिळून टाकलेल्या फडक्यासारखी लोंबली. रिबीन खाली पडली, ती त्याला उचलताही आली नाही.

मालक म्हणाला, "घरी भांडला असेल. हात नाही त्याला कामही नाही."

मी धाकट्याला सरकारी दवाखान्यात नेलं. गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यातला कागद माझ्याजवळ होता. चोपन्नाव्या वर्षी भाचीच्या पुस्तकावरून वाचायला शिकले होते, त्या कागदावर चार संध्याकाळी काढल्या होत्या. त्यात लिहिलं होतं: शिशाशी संबंध चालू असताना हे औषध देऊ नये.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. "औषध चांगलं आहे हो. रक्तातलं शिसं धरतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. पण आधी माणसाला शिशातून बाहेर काढायचं, मग औषध. तुमचं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं झालं. नर्स येते त्या दिवशी फरशी कोरडी, एवढंच."

"मग तुम्ही लिहून द्या."

"देईन. पण तुमचा मालक मागच्या सहा वर्षांचे स्वच्छ आकडे पुढे करेल."

दवाखान्यातून निघताना मी ठरवलं, सातव्या वर्षाचा आकडा खरा निघेल.

धाकट्याचे उपचार सुरू झाले. मी कामावर जात राहिले. फोडणीवरच्या आणि भट्टीवरच्या अकराही जणांना कागद वाचून दाखवला. भट्टीवाला म्हातारा म्हणाला, "गोळी लपवू गालात. पण नाक्याला काय देशील, तुझं डोकं?"

"अंडी," मी म्हणाले.

सहा अंडी पत्र्यावर उन्हात ठेवली. फुटली तेव्हा शेजारीण भांडायला आली. बाटलीत भरून कामावर नेली. मालकाने गोळ्या वाटल्या की गालात धरायच्या, मोरीकडे जाऊन माझ्या बरणीत थुंकायच्या. अर्ध्या तासाने काडीचं टोक बाटलीत बुडवून ओठाला आतून लावायचं. पहिल्या दिवशी म्हातारा ओकायच्या बेतात आला.

"तुझ्या भावासाठी करतोय, नाहीतर तुला हेच खायला घातलं असतं," तो म्हणाला.

नाक्या आला, वास घेतला, "शाब्बास" म्हणाला. एकोणीस दिवस त्याने आम्हाला शाब्बासकी दिली.

नर्स रक्त घेऊन गेली. आठव्या दिवशी माझ्यासकट बाराही आकडे हद्दीच्या वर निघाले. भट्टीला टाळं लागलं.

पण टाळं काढता येतं. चौकशीच्या दिवशी मालक इस्त्रीचा सदरा घालून, नाक्याला बरोबर घेऊन आला. अधिकारीबाईंसमोर हात जोडून म्हणाला, "अडाणी लोक, मॅडम. हात न धुता जेवतात. सहा वर्षं आकडे पाहा माझे. या वर्षी यांनीच हयगय केली."

बाईंनी मान डोलावली. आता नाही तर कधीच नाही. मी पिशवीतून बरणी काढली आणि टेबलावर ठेवली. चिकटून गोळा झालेल्या कॅप्सूल. झाकण उघडलं, खोलीभर वास गेला. नाक दाबलं की तोंड आपोआप उघडतं.

मालकाचा चेहरा तांबडा झाला. "या... या तर माझ्या गोळ्या! थुंकल्यात यांनी, मॅडम! दरवर्षी मी पदरचे पैसे घालून देतो, म्हणून आकडा खाली राहतो! या बाईने मुद्दाम—"

बाईंचं पेन थांबलं. "दरवर्षी? तपासणीच्या आधी? कोणत्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर?"

मालकाने नाक्याकडे पाहिलं. नाक्या खिडकीबाहेर बघत होता.

बाईंनी ते वाक्य लिहून घेतलं आणि मालकाची खाली सही घेतली. सही करताना त्याचा हात थरथरत होता. मला वाटलं, रागाने.

तो राग नव्हता. परवाना गेला, खटला उभा राहिला, आणि आवारात बसणाऱ्या सगळ्यांचंच रक्त तपासायचा हुकूम निघाला. मालकाची काचेची खोली भट्टीच्या अगदी डोक्यावर होती. शिसं हात लावणाऱ्यालाच चावतं अशी त्याची समजूत, म्हणून त्याने स्वतः कधी गोळी घेतली नव्हती. त्याचाही आकडा हद्दीच्या वर निघाला.

धाकट्याची औषधाची तिसरी फेरी होती. दवाखान्याच्या बाकावर पाहते तर शेजारी मालक, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्यात पांढरी कॅप्सूल. माझ्याकडे न बघता त्याने ती गिळली.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसले. बरोबर अर्ध्या तासाने उठून त्याच्यासमोर उभी राहिले आणि वाकून नाक त्याच्या तोंडाजवळ नेलं.

"ढेकर द्या, मालक."

त्याने ओठ घट्ट मिटले. पण पोट कोणाचं ऐकत नाही. ढेकर आला, वास आला.

"शाब्बास," मी म्हणाले.

धाकटा कितीतरी महिन्यांनी हसला. टाळी द्यायला म्हणून त्याने हात पुढे केला. खांद्यापासून कोपरापर्यंत हात वर आला, मनगट मात्र तसंच लोंबत होतं. मी ते दोन्ही हातांत धरलं आणि मालक उठून जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.