ट्रॅक्टरच्या बॅटरीवरची फायनल

माझ्या सासूबाईंचा, सारजाबाईंचा, शब्द म्हणजे आमच्या घरात काळ्या दगडावरची रेघ. माझी लेक समृद्धी बारावी झाली तशा त्या म्हणाल्या, "बास झालं आता पुण्याचं हॉस्टेल. पोरीच्या जातीनं चड्डी घालून किती पळायचं?" लगोलग गावात सोयरिकी जुळवणाऱ्या चिमाजीमामांनी ओतूरचं स्थळ आणलं. मामा रविवारी संध्याकाळी होकार घ्यायला येणार होते, आणि नेमकी त्याच संध्याकाळी टीव्हीवर समृद्धीची खो-खोची फायनल दाखवणार होते.

आत्याबाईंनी (सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते) नातीला खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. एकदा पाहिलं तर त्यांचं मन बदलेल, अशी माझी खात्री होती. पण तो लोडशेडिंगचा काळ. आमच्या पिंपरी पेंढारमध्ये बाकी काही वेळेवर होत नसे, वीज मात्र वेळेवर जाई.

"इन्व्हर्टर कुठनं आणू?" नवऱ्याने, गोरखने, विचारलं.

"आणू नका. आपण करू," मी म्हटलं.

नारायणगावात एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला होता. तिथून गोरखने जुना यूपीएस मागून आणला. आतली बॅटरी मेलेली. ती काढून तिच्या तारा आम्ही जाड वायरने ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडल्या आणि टीव्ही लागला. पण तो डबा बिचारा दहा-पंधरा मिनिटं तग धरण्यासाठी केलेला. थोड्या वेळात असा तापला की वर पापड भाजावा. म्हणून झाकण काढून तो उघडाच ठेवला. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की कालवणात दोनदा मीठ घातलं.

आमच्याकडे नवं यंत्र आलं की नारळ फुटल्याशिवाय चालू होत नाही. ट्रॅक्टरला फुटला, मोटारीला फुटला, मिक्सरलाही फुटला. रविवारी मी मामांसाठी चहा ठेवत होते, तेवढ्यात आत्याबाईंनी यूपीएसला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी उघड्या डब्यावर शिंपडलं. वीज गेली, गोरखने बटण दाबलं, आत चर्र झालं आणि फ्यूज उडाला.

"आत्याबाई, विजेच्या डब्यात पाणी?" माझा आवाज चढलाच.

"मग काय कोरडीच पूजा करायची व्हती?" त्या म्हणाल्या खऱ्या, पण चेहरा पडला होता.

"ऱ्हाऊ द्या की," मामा म्हणाले. "पोरींचा खेळ, त्यात काय बघायचं?"

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. बॅटरीची वायर सोडवली, डबा फडक्याने टिपून काढला आणि चुलीच्या उबेला धरला. तिकडे मॅच सुरू झाली असणार, म्हणून जीव खालीवर होत होता. गोरखने वायर सोलून तांब्याची एक बारीक तार फ्यूजच्या जागी पिळली. बटण दाबलं, टीव्ही लागला आणि यूपीएस कोकलायला लागला. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"पण तापंल ते," गोरख म्हणाला.

आत्याबाईंनी कोपऱ्यातलं सूप उचललं. "माझ्यामुळं झालं न्हवं? मी घालते वारा." अशा त्या टीव्हीसमोर बसल्या. तोंड मात्र भिंतीकडे.

शेवटचा डाव चालला होता. दोन्ही संघ बरोबरीत, वेळ संपत आलेली, एक गडी बाद करायचा बाकी. समृद्धीला खो मिळाला. तिने खांबाला हात घातला, अंग झोकून दिलं आणि पळणाऱ्या पोरीची टाच गाठली. शिट्टी वाजली.

सूप थांबलं. तोंड कधीच टीव्हीकडे वळलं होतं.

"आपली समृद्धी हाय ती?"

"हो."

"पडली की गं मातीत."

"पडली नाही, आत्याबाई. सूर मारला तिनं."

पोरींनी समृद्धीला खांद्यावर घेतलं. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. आत्याबाई आता इतक्या जोरात सूप हलवत होत्या की डब्यावरचं कुंकू उडून मामांच्या पांढऱ्या टोपीवर बसलं.

मामा खुर्चीतून उठून पुढे आले. "मग सारजाबाई, पावण्यांना काय कळवू?"

"कळवा, पोरगी मोकळी न्हाई. तिला अजून लई पळायचंय," आत्याबाई म्हणाल्या. "आन् तुमी जरा बाजूला सरका, चिमाजी. बक्षीस देत्यात तिला, मला दिसना झालंय."