मेंग ओक-बुन राहते

मेंग ओक-बुन आजी हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला मुलीकडे उल्सानला गेली आणि परत आली, तोवर तिचं घर रिकामं झालं होतं. म्हणजे घरात सगळं जागच्या जागी होतं. भांडी, गाद्या, गेलेल्या नवऱ्याचा फोटो. पण बाहेरच्या भिंतीवर लाल फवाऱ्यानं हातभर अक्षरांत लिहून ठेवलं होतं : रिकामं घर.

आमच्या टेकडीवर याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. टेकडी पाडून मनोरे बांधायचेत. माणूस राहत असेल तर त्याची सही घ्यावी लागते. घर रिकामं असेल तर कुणाला विचारायचं? म्हणून पुनर्विकासवाल्यांची माणसं लाल फवारे घेऊन फिरतात. दार वाजवतात, आतून आवाज आला नाही की लिहून मोकळे होतात. म्हातारं माणूस कानानं कमी असेल तर त्याचं नशीब.

आजी किमचीचा डबा कमरेवर टेकवून तशीच आमच्याकडे आली.

"अरे ए वेल्डर," तिनं दारातूनच हाक मारली. "चल बघायला. मी मेले म्हणे."

आमच्याकडे म्हणजे टेकडी कला मंडळात. हे मंडळ जुन्या सार्वजनिक न्हाणीघरात भरतं. लोकांच्या घरात गरम पाणी आलं, न्हाणीघर बंद पडलं, आणि आजीसारख्या पाचपन्नास बायाबाप्यांनी ते झाडून-पुसून ढोल बडवायला घेतलं. मग महापालिकेच्या संस्कृती विभागाला जाग आली. त्यांनी दारावर पाटी ठोकली आणि एका वर्षासाठी दोन निवासी कलावंत आत सोडले. एक चित्रकार हे-रान, ती बायकांच्या बाजूला राहते. दुसरा मी, पुरुषांच्या बाजूला. मधे टाइल्सची भिंत. तरी आजीचा जथा रोज सकाळी विचारायचा, "काय, काल भिंत ओलांडली का कुणी?" हे-रान म्हणायची, "आजी, भिंत ओलांडण्यासारखं पलीकडे काही असतं तर विचार केला असता."

मी लिहितो. कुठं शिकलो नाही. जहाजदुरुस्तीच्या गोदीत वेल्डिंग करायचो, आणि जेवणाच्या सुट्टीत खडूनं पत्र्यावर लिहायचो. मुकादमाबद्दल लिहायचो, पाय तुटलेल्या सोबत्याबद्दल लिहायचो. संध्याकाळी त्यावर रंग बसायचा आणि जहाज ते पोटात घेऊन समुद्रात जायचं. पुढं कुणीतरी त्याचे फोटो काढले आणि मी कलावंत झालो. मला या शब्दाची शिसारी आहे. पण खोली फुकट होती.

भिंत बघून मी पुनर्विकासवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं? आता डबा आत ठेव. जड आहे."

ती तक्रार घेऊन वॉर्डाच्या कचेरीत गेली. तिथली मुलगी गोड बोलली. नोंद एकदा झाली की फेरतपासणीपर्यंत बदलत नाही, आणि फेरतपासणी कधी हे वरून ठरतं. आजी म्हणाली, "अगं पण मी इथं उभी आहे ना तुझ्यापुढं?" मुलगी म्हणाली, "हो आजी, तुम्ही आहात. घर रिकामं आहे."

त्याच आठवड्यात संस्कृती विभागाचे प्योसाहेब आले. गळ्यात ओळखपत्र, पायात पांढरे बूट, सोबत टेंपो. टेंपोत रंगाचे डबे.

"वर्षाचा समारोप जवळ आलाय," प्यो म्हणाले. "उपमहापौर येणार, टीव्हीवाले येणार. कल्पना अशी आहे की सगळ्या टेकडीवर कॅमेलियाची फुलं रंगवायची. आपल्या शहराचं फूल! हे-रानताई, जिथं जिथं ते... लाल खुणा आहेत ना, तिथं मोठी फुलं घ्या. लालावर लाल. कळणारसुद्धा नाही."

"काय कळणार नाही?" मी विचारलं.

"हे बघा बांगसाहेब, खुणा बघून पाहुण्यांचा मूड जातो."

"आणि ज्याचं घर जातं त्याचं काय?"

"तो आमचा विभाग नाही."

हे वाक्य ते इतक्या सहज म्हणाले की मला त्यांचे पांढरे बूट रंगात बुडवावेसे वाटले. हे-राननं माझी बाही धरली. तिनं शांतपणे विचारलं, "फुलं काढली नाहीत तर?"

"करारात आहे ना ताई. समारोपाचं काम विभागाच्या संमतीनं. नाहीतर खोली सोडावी लागेल, पुढचं वर्ष मिळणार नाही. मला वाईट वाटेल." डबे उतरवून ते गेले. झाकणं उघडली तर आत लाल. नुसता लाल. थोडा हिरवा, पानांपुरता.

संध्याकाळी मंडळ जमलं. बैठक नेहमीसारखी बायकांच्या मोठ्या हौदात. कोरडा हौद, पायरीपायरीवर उश्या टाकून बसायचं. आम्हा पुरुषांना तिथं उतरताना अजून चोरट्यासारखं होतं. कू आजोबा, जे तीस वर्षं याच न्हाणीघराचा बंब पेटवत होते, ते तर डोळे मिटूनच उतरतात.

"फुलं काढून टाका," कोणीतरी म्हणालं. "निदान आजीच्या भिंतीवरचं ते अभद्र झाकलं जाईल."

"झाकलं की गेलं का?" मी ओरडलो. हौदात आवाज घुमतो, त्यामुळं माझाच राग मला परत ऐकू आला. "त्यांच्या वहीत तसंच राहणार. वरून लोक म्हणतील, काय सुंदर टेकडी, काय सुखी म्हातारी! आणि वसंतात मशीन येईल, फुलासकट भिंत खाईल!"

"मग तू लिही की काही," आजी म्हणाली. "तू लिहिणारा ना? वर्षभर मंडळाचा भात खातोयस."

"काय लिहू?"

"माझं नाव लिही. त्या 'रिकामं घर'च्या खाली. मेंग ओक-बुन राहते. बस."

"काळा रंग आणतो उद्या."

"काळा कशाला? हा आहे ना डबाभर. सरकारनं दिलाय."

दोघीतिघी उशीवरून मागं सरकल्या. आमच्याकडे जित्या माणसाचं नाव लाल रंगात लिहीत नाहीत. ते मेल्यासाठी. शाळेत लाल पेननं कुणाचं नाव लिहिलं तर त्याची आई घरी भांडायला येते. कू आजोबांनी आता डोळे उघडले. "ओक-बुन, वेडी झालीस? मरायचंय?"

"त्यांनी मारलंच आहे मला. लालच रंगात. त्यांनी कुणाला मारलं, तेवढं मी लिहून घेते. नाव नसलेलं मढं मला व्हायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे तिच्या भिंतीपुढं उभे. माझ्या हातात ब्रश. आयुष्यभर मालकांना, साहेबांना, मंत्र्यांना नावं घेऊन शिव्या घातल्या, कधी मागंपुढं पाहिलं नाही. आणि या म्हातारीचं नाव लिहायला गेलो तर हात भिंतीपर्यंत पोचेना. लाल थेंब बुटावर पडला.

"आजी, माझ्यानं नाही होणार."

"म्हटलंच होतं मी," आजी बायकांकडे वळून म्हणाली. "तोंडाचा मोठा, बाकी सगळं लहान." बाया खिदळल्या. तिनं ब्रश माझ्या हातातून ओढून घेतला आणि लिहायला लागली. अक्षरं वाकडी आली, 'बुन' खाली घसरला. पण लिहिलं. मेंग ओक-बुन राहते. लिहून झाल्यावर छातीवर हात ठेवून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "ठोके पडतायत. चला, चहा टाकते."

हे-राननं त्या भिंतीवर एकही फूल काढलं नाही. टेकडीवर दुसरीकडेही काढलं नाही. लिहायला आणलेला डबा तसाच आजीच्या दाराशी राहिला.

समारोपाच्या दिवशी सकाळीच प्यो धापा टाकत आले. भिंत बघितली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "हे काय? हे कुणी...? जिवंत आहेत ना त्या?"

"आत कांदा चिरतायत," हे-रान म्हणाली.

त्यांनी दोन रंगारी बोलावले होते. त्यातल्या थोरल्यानं भिंत वाचली, दारातून आत डोकावून आजीला बघितलं, आणि रोलर खाली ठेवला. "साहेब, 'रिकामं घर' पुसतो म्हणाल तर पुसतो. या नावावर मी रोलर फिरवणार नाही. बाई समोर बसलीय. माझ्याही घरात आई आहे."

"दुप्पट देतो."

"मग तुम्हीच फिरवा आणि दुप्पट तुम्हीच ठेवा."

प्योंनी रोलर उचलला. खरंच उचलला. भिंतीपाशी गेले. मग खाली ठेवला आणि फोन काढून उगीच कुणाशी तरी बोलायला लागले.

तेवढ्यात उपमहापौर आले. ढोल सुरू झाले. आजीचा जथा असा काही बडवत होता की पाहुण्यांना कानात बोलायची सोय राहिली नाही. उपमहापौर हसतमुख माणूस. निवडणूक वर्षभरावर आलेली, म्हातारी दिसली की हात जोडायचे. आजी ढोल उतरवून थेट त्यांच्यापुढं गेली.

"नवी किमची आहे. डुकराचं मांस उकडलंय. आत या, दोन घास खा."

टीव्हीवाले मागे. म्हातारीनं नव्या किमचीचं ताट पुढं केलं आणि माणूस नाही म्हणाला, असं आमच्याकडे होत नाही. कॅमेऱ्यापुढं तर नाहीच. प्यो मधे पडले, "साहेब, वेळ..." पण साहेबांनी बूट काढलेसुद्धा.

आत जमिनीवरच बसले; आमच्याकडे जमिनीखाली कोळसा पेटवून घर गरम ठेवतात. आजीनं आपल्या हातानं पानात मांस गुंडाळून त्यांच्या तोंडात घातलं. त्यांनी चावलं, डोळे मिटले, आणि अशा वेळी प्रत्येक पाहुणा जे म्हणतो तेच म्हणाले. लहानपणापासून तोंडात बसलेलं वाक्य, विचार न करता बाहेर पडलं.

"वा आजी! जमीन काय मस्त तापलीय. घर म्हणजे असं."

"तापलीय ना?" आजी म्हणाली. "पहाटे उठून कोळसा घातला. रिकाम्या घराची जमीन कशी तापते, ते तुमच्या माणसांना विचारा जरा."

साहेबांचा घास गालातच राहिला. कॅमेऱ्यावाला, देव त्याचं भलं करो, वळला आणि उघड्या दारातून बाहेरची भिंत घेतली. रिकामं घर. मेंग ओक-बुन राहते.

"काहीतरी चूक झालेली दिसते," साहेब म्हणाले. "बघतो आम्ही."

"बघितलंत की. बसलात की त्या जमिनीवर." आजीनं दारातला डबा नि ब्रश ओढून घेतला आणि त्यांच्यापुढं ठेवला. "तेवढं लिहा भिंतीवर. मी इथं जेवलो, जमीन गरम होती. खाली नाव."

"काळा रंग नाही का?"

"प्योसाहेबांनी लालच पाठवलाय."

उपमहापौर ब्रशकडे बघत राहिले. एवढा मोठा माणूस, बंदराचे करार करणारा, पण बोट पुढं येईना. मला हसू आलं, आणि लगेच माझा स्वतःचा बूट आठवला. त्यावर डाग अजून होता.

"नको," आजी म्हणाली. "तुमची आई रागवेल. खा."

त्या संध्याकाळी बातमीत जमीन तापल्याचं वाक्य दोनदा दाखवलं. दुसऱ्या दिवशी वॉर्डातला माणूस आला, दार वाजवलं, आजी दिसल्यावर वाकून नमस्कार केला, वहीतली नोंद बदलली आणि 'रिकामं घर' या शब्दांवर करडा रंग मारून गेला. नावाला त्यानं हात लावला नाही. टेकडी वाचली असं मी म्हणणार नाही, असल्या गोष्टी मी लिहीत नाही. खाली मशीनं उभी आहेत. पण आजीच्या सहीशिवाय ती आता तिच्या अंगणात येणार नाहीत, आणि आजी सही करणार नाही.

आम्हाला मात्र खोल्या सोडायला सांगितल्या. प्यो स्वतः आले होते, वाईट वाटतंय म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना खरंच वाटत होतं. त्यानं काय होतं? पाटी उतरवून टेंपोत घातली. मंडळाला कुणी उतरवू शकलं नाही, हौदात ढोल वाजतच होते.

हे-रान नि मी सामान घेऊन पायरीवर बसलो होतो. आजी कंबरेवर हात ठेवून समोर येऊन उभी राहिली.

"पुढची खोली आहे माझी. एकटीच्या घराला ते परत रिकामं म्हणतील. तिघांना म्हणून दाखवू दे."

"भिंत आहे का मधे?" हे-राननं विचारलं.

"पडदा आहे. फाटका."

सामान आत ठेवलं. जमीन गरम होती. मग आजीनं बाहेर भिंतीपाशी ब्रश आणून दिला. हे-राननं आपलं नाव चटकन लिहिलं, चित्रकाराच्या हातानं, देखणं. ब्रश माझ्याकडे आला. मला माझी आई आठवली, गोदीतले सगळे आठवले, ज्यांची नावं रंगाखाली गेली.

ब्रश डब्यात बुडवला. या वेळी लिहिलं. बांग सोक-हो राहतो. आजीनं मागं सरून बघितलं.

"अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे," ती म्हणाली. "पण लांबून वाचता येतं."