समोरचं जाजम

"एक माणूस मागतोय मल्हार, घोडा नाही मागत," सूर्याजी म्हणाला.

मल्हाररावांनी हातातला खरारा थांबवला नाही. सरकारी पागेतले ते चाबूकस्वार. त्यांच्या एका हाकेवर बिथरलेलं जनावर जागच्या जागी उभं राही आणि पागेतली माणसंही तेवढ्याच झटकन उभी राहत.

"घोडा मागितला असतास तर विचार तरी केला असता," ते म्हणाले. "तुऱ्याचा माणूस कलगीला उसना द्यायचा? असं कधी झालंय काय? बिलकुल नाही. आणि तू हे कुणासाठी मागून राहिलास, याचा तरी विचार कर."

"तुझ्यासाठीच मागतोय. समोर कुणी नसलं तर सवाल कुणाला घालशील? ह्या घोड्याला?"

घोड्याने कान हलवले. मल्हारराव हसले नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

रंगपंचमी चार दिवसांवर आली होती. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, नया बाज़ारच्या चौकात दर रंगपंचमीला दुपारी दोन जाजमं समोरासमोर पडत, मधे हातभर मोकळी जमीन राही. एका जाजमावर तुरेवाले, दुसऱ्यावर कलगीवाले. तुरेवाल्यांच्या लेखी शंकर मोठा, कलगीवाल्यांच्या लेखी शक्ती मोठी. एका बाजूने डफावर लावणी गाऊन सवाल टाकायचा, दुसरीने तो गाऊनच सोडवायचा. ग्वाल्हेरात गाणं म्हटलं की लोकांना बैठकीतले गवई आठवत, तंबोरे आठवत. चौकात डफ घेऊन बसणाऱ्याला गवई म्हणायला कुणी तयार नसे. पण त्या दुपारी बाजारातल्या गच्च्या बायकापोरांनी भरून जात आणि हलवायाचं दुकान दोन तास ओस पडे, हेही खरंच.

हे सगळं चालवायचं ते चौदा माणसांच्या गायन सहायक मंडळाने. मंडळाला ना पगारी नोकर, ना दरबारचा आधार. ज्याला जे येतं ते त्याने करावं, असा साधा हिशेब. गायकाला ताप आला तर दोघे त्याला दवाखान्यात नेत. कुणाला रजा मिळत नसली तर अध्यक्ष तात्यासाहेब आपल्या वळणदार अक्षरात त्याच्या साहेबाला चिठ्ठी लिहीत. ते बड्या कचेरीतून निवृत्त झाले होते, पण त्यांच्या अक्षराचा दरारा अजून निवृत्त झाला नव्हता. आणि जाजमं अंथरायची सूर्याजीने. तो सरकारी फरासखान्यात जमादार होता. दरबारात कुठला सरदार कुठे बसतो, कुणाच्या गादीला लोड आणि कुणाला नुसतीच गादी, हे तो डोळे मिटून सांगू शके. दिवसभर हुकमाने अंथरणारा हा माणूस चौकात मात्र विनाहुकूम अंथरी, आणि त्या दिवशी त्याच्या चालण्यात वेगळाच तोरा असे.

अंथरून झालं की तो तुऱ्याच्या जाजमावर मल्हाररावांच्या मागे बसे. तो त्यांचा झीलकरी होता. मुख्य गाणाऱ्याने ओळ अर्ध्यावर सोडायची आणि मागच्याने ती उचलून वर न्यायची, ह्याला झील म्हणतात. सूर्याजी सव्वीस वर्षं मल्हाररावांची ओळ उचलत होता. मागे आणखी दोन जण बसत, पण ते सूर्याजीचा आवाज धरूनच गात.

ह्या वर्षी पंचाईत झाली होती ती कलगीची. कलगीचे उस्ताद नूरबख्श रंगरेज सत्तरीला आलेले. त्यांचा एक झीलकरी मुलापाठोपाठ उज्जैनच्या गिरणीत निघून गेला, दुसरा पौषात वारला. आणि झीलकरी नसेल त्याचं जाजम सुनं, हा जुना कायदा. सुनं जाजम एकदा जाहीर झालं की त्या पक्षाचं निशाण उतरवायचं, ते पुन्हा चढवायचं नाही. तात्यासाहेबांनी त्यावर सभ्य तोड काढली होती. नूरबख्शांना शाल-नारळ द्यायचा, चार गौरवाचे शब्द बोलायचे आणि मग तुरेवाल्यांनी एकट्यांनीच गायचं. सगळ्यांना ती पसंत पडली. सूर्याजी मात्र ती ऐकूनच पागेत आला होता.

पागेतून निघून तो थेट रंगरेजांच्या गल्लीत गेला. दोरीवर ओल्या साड्या वाळत होत्या आणि नूरबख्श कोपरापर्यंत निळ्या झालेल्या हातांनी एक पातळ पिळत होते.

"सुना है शाल ओढ़ाओगे मुझे?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"तात्यासाहेबांचा विचार आहे तसा."

"शाल मय्यत पर डालते हैं, जमादार. मैं तो अभी खड़ा हूँ. मुझे शाल नहीं, सवाल चाहिए."

गल्लीतल्या आठ घरांत सूर्याजीने विचारून पाहिलं. तरण्यांना डफापेक्षा बायस्कोपची ओढ होती. म्हाताऱ्यांना दम नव्हता. एकाला उत्साह दांडगा होता, पण त्याने नमुन्यादाखल जी तान मारली तिने शेजारची शेळी दावं तोडून पळाली. सूर्याजीने त्याचे आभार मानले आणि घरी आला.

घरी बायकोने, सुमनने, त्याचा जरीचा तुरा लिंबाने साफ करून कोनाड्यात ठेवला होता. दीक्षा दिली त्या दिवशी गुरूने तो स्वतः त्याच्या पागोट्यात खोवला होता. तुरा उतरवून कलगीच्या जाजमावर पाऊल टाकणाऱ्याला परत घेत नाहीत, हेही त्याच दिवशी बजावलं होतं. जेवताना सुमनने दोनदा भाकरी वाढली, सूर्याजीने ताटाकडे न बघताच दोन्ही खाल्ल्या, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"अहो, तुम्ही जाणार समोर," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? छब्बीस वर्षं हर इतवारी मल्हारभाऊजींकडे जाऊन राहिलात. आता इतवारी काय करणार?"

"घरी बसेन."

"ते मला नाही चालणार," ती म्हणाली आणि उठून आत गेली. चुलीपाशी ती बराच वेळ उगाच भांडी हलवत होती. सूर्याजीला वाईट वाटलं. पण विचार बदलावा इतकं नाही वाटलं, आणि याचंच त्याला जरा नवल वाटलं.

रंगपंचमीला चारच्या सुमारास चौक भरला. सूर्याजीने दोन्ही जाजमं अंथरली, कोपरे ओढून घेतले, कलगीच्या बाजूची एक सुरकुती तळव्याने सपाट केली आणि नेहमीसारखा मल्हाररावांच्या मागे जाऊन बसला. समोर नूरबख्श एकटेच बसले होते. हात धुतले होते, तरी नखांत निळा रंग राहिला होता. मांडीवर डफ होता आणि पाठीमागे रिकामं जाजम. एवढं मोठं जाजम एका माणसासाठी अंथरलेलं सूर्याजीने दरबारात सुद्धा पाहिलं नव्हतं.

तात्यासाहेब उठले. तबकातली शाल त्यांनी उलगडली.

"मंडळी, उस्ताद नूरबख्श यांनी आजवर केलेली सेवा..."

"थांबा तात्यासाहेब," सूर्याजी म्हणाला आणि उभा राहिला. "जाजम सुनं नाही."

त्याने पागोट्यातला तुरा काढला. मल्हाररावांच्या पुढ्यात जाऊन दोन्ही हातांनी तो खाली ठेवला आणि वाकून नमस्कार केला. मल्हारराव तुऱ्याकडे बघत राहिले, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मग सूर्याजी मधली हातभर जमीन ओलांडून गेला.

चौकात एकच गलका झाला. "सूर्याजी पिसाळ!" असं कुणीतरी गच्चीवरून ओरडलं. ही हाक येणार हे त्याला ठाऊकच होतं. वडिलांनी नाव ठेवलं होतं ते मालुसऱ्यांच्या सूर्याजीचं, पण आता हे गच्चीगच्चीवर जाऊन कुणाला सांगत बसणार? तो नूरबख्शांच्या मागे मांडी घालून बसला.

दोन्ही पक्षांची आपापली ठरलेली टेक, म्हणजे पालुपद, असे. म्हाताऱ्याने मान वळवली. "टेक आती है हमारी?"

"छब्बीस साल सामने बैठकर सुनी है, उस्ताद. आपसे ज़्यादा याद है."

नूरबख्शांच्या मिशा हलल्या. तात्यासाहेबांनी शालीची घडी घातली, अगदी काळजीपूर्वक, आणि ती तबकात ठेवून ते खाली बसले. निशाण उतरवायला गेलेला माणूस काठीपासून परत आला.

आता सवाल तुऱ्याचा होता. ह्या वर्षीचा सवाल त्याने आणि मल्हाररावांनी मिळून बांधला होता, महिनाभर, पागेच्या ओट्यावर बसून. कल्पना तर सूर्याजीचीच होती. दुसऱ्या कुणाला ती सुचलीही नसती. जवाबही त्याला पाठ होता. मल्हाररावांनी दुसरा कुठलाही जुना सवाल टाकला असता तरी चाललं असतं, आणि शहाण्या माणसाने तेच केलं असतं. मल्हाररावांनी डफ उचलला, आज प्रथमच सरळ सूर्याजीच्या डोळ्यांत पाहिलं आणि तोच सवाल टाकला:

ना धरती थी, ना अंबर था, ना पानी का नाम-निशान,
कहो कलगीवालो, शंकर बैठे थे तब किस स्थान?

लोकांनी वाहवा केली. सवाल बिकटच होता. मल्हाररावांचा आपल्यावर विश्वास आहे की ते आपली परीक्षा बघतायत, हे सूर्याजीला कळेना. दोन्हींपैकी काहीही असलं तरी त्याने करायचं एकच होतं. त्याने तोंड मिटून घेतलं.

नूरबख्श डफावर बोटं टेकवून विचार करत होते. वेळ जाऊ लागला. तुऱ्याच्या बाजूने कुणीतरी खाकरलं. डफ खाली ठेवला की हार, आणि म्हाताऱ्याचा डफ एकदा खाली झुकलासुद्धा.

"तुम जानते हो जवाब," ते मागे न बघता पुटपुटले.

"जानता हूँ. बताऊँगा नहीं."

"बताते तो मैं उठकर चला जाता," नूरबख्श म्हणाले. मग त्यांचा डफ हळूहळू वर आला. पहिली थाप पडली तेव्हाच सूर्याजीला कळलं की म्हाताऱ्याला काहीतरी सापडलंय.

किसने कहा कि बैठे थे वो? खड़े रहे थे भोलेनाथ,
शक्ति ने जब धरती बिछाई, तब बैठे रख हाथ पे हाथ।

मग गच्चीवरच्या बायका आधी हसल्या आणि त्यांच्यामागून सगळा चौक. तात्यासाहेब मांडीवर हात मारून "क्या बात है!" म्हणाले, आणि लगेच अध्यक्षासारखे गंभीर झाले. सूर्याजी आणि मल्हाररावांनी ठरवलेला जवाब होता की शंकर आपल्याच श्वासावर बसला होता. तो जवाब चांगला होता, विद्वानाला शोभेल असा होता. पण आयुष्यभर दुसऱ्यांसाठी बैठक घालणाऱ्या सूर्याजीला हे सुचलं नव्हतं, की अंथरणारी येईपर्यंत देवालाही उभंच राहावं लागलं असणार. सवाल त्याचा स्वतःचा होता आणि त्याचा खरा जवाब त्याला समोरच्या जाजमावर येऊन कळला.

नूरबख्शांनी पुन्हा "शक्ति ने जब" म्हटलं आणि ओळ सोडून दिली. सूर्याजीने ती उचलली. इतक्या वर्षांत त्याचा आवाज एवढा मोकळा कधीच लागला नव्हता. ओळ हलवायाच्या दुकानावरून, निशाणावरून वर गेली आणि म्हाताऱ्याने समाधानाने मान डोलावली.

जवाब कबूल असेल तर सवाल करणाऱ्याने डफ उचलून आपल्या पक्षाची टेक गायची, तीच दाद. मल्हाररावांनी डफ उचलला. मनात राग होता की नाही कोण जाणे, गाण्यात तो नव्हता. सूर्याजी बघतच राहिला. सव्वीस वर्षं तो ह्या माणसाच्या मागे बसला होता. गाताना त्याची पाठ, मानेवरच्या शिरा, पागोट्याची मागची गाठ, एवढंच त्याला माहीत होतं. गाताना मल्हार डोळे मिटतो आणि त्याचा तो पागेतला करडा चेहरा एखाद्या पोरासारखा होतो, हे तो आज पहिल्यांदा बघत होता.

टेक अर्ध्यावर आली. मल्हाररावांनी सवयीने ओळ सोडली आणि कान किंचित मागे केला. मागचे दोघे सूर्याजीचा आवाज धरायला थांबले होते. तो आला नाही. चौकात इतकी शांतता झाली की निशाणाचं कापड फडफडलेलं ऐकू आलं.

"उठा लो," नूरबख्श हळूच म्हणाले. "तुम्हारी ही है. मैं बुरा नहीं मानूँगा."

"आता नाही, उस्ताद," सूर्याजी म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि ते पुसायला त्याला लाज वाटली नाही.

मल्हाररावांनी डोळे उघडले, समोर पाहिलं आणि राहिलेली ओळ स्वतःच उचलली. आवाज थोडा कापला, मग जाग्यावर आला. इतकी वर्षं ही टेक सूर्याजीने गायली होती, पण नुसती बसून कधी ऐकली नव्हती. छान होती. तो पाठ ताठ करून ती शेवटपर्यंत ऐकत राहिला.