बुधवारचं मटण

बुधवारी आक्काबाई पाचला उठायची, आधी शेगडी भरायची आणि मग तोंड धुवायची. सिल्वासाजवळच्या सामरवरणीतल्या त्या दहा खोल्यांच्या चाळीत गॅस फक्त दोघांकडे होता, आणि त्या दोघांत ती नव्हती. पण तिचा नवरा नथू लाकडाच्या वखारीत हमाल होता, त्यामुळे भुसा पोत्यानं घरात यायचा. रंगाच्या रिकाम्या डब्याची शेगडी त्यानंच करून दिली होती. मधोमध बाटली उभी करायची, खालच्या भोकातून एक दांडा आडवा घालायचा, भोवती भुसा हातानं ठासून बसवायचा, मग बाटली नि दांडा अलगद काढून घ्यायचे. खालून पेटती ढलपी सरकवली की भुसा आतल्या आत जळत राहायचा. जाळ नाही, नुसती धग. ती दुपार उलटेपर्यंत पुरायची.

खानवेलकडचा वाळू नावाचा माणूस मंगळवारी डुक्कर कापायचा. नथू काम सुटल्यावर बसनं जायचा आणि दोन किलोचा एकच तुकडा घेऊन यायचा, चरबी-कातडीसकट. रात्री त्याला मीठ-मसाला लागायचा, पहाटे तो जाड बुडाच्या पातेल्यात बसायचा, आणि साडेसहाच्या टेम्पोनं आक्काबाई खडोलीला धाग्याच्या कंपनीत जायची. आठ तास उभ्यानं बॉबिनी बदलायच्या. चारला घरी आलं की स्वयंपाक तयार. फक्त भाकऱ्या थापायच्या. नवापूर सोडून इथं येऊन अकरा वर्षं झाली होती, आणि आठवड्यात एक दिवस तरी कामावरून आल्या आल्या बसायला मिळावं, एवढीच तिची चैन होती.

शेगडीकडे बघायला शेजारच्या लखनची बायको ममता असायची. ममता स्वतः डुक्कर खात नव्हती, तिच्या घरी अंडंही चालत नसे. पण तिनं कधी नाक मुरडलं नाही. लहान पोरीला कडेवर घेऊन ती दोन-तीनदा ओट्यावर यायची, पातेलं कलंडलं नाही ना एवढं बघायची आणि परत आपल्या कामाला लागायची.

एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरातल्या एका बुधवारी आक्काबाई चाळीच्या तोंडाशी आली आणि तिला वास आला नाही. लांबूनच लसणाचा वास यायचा, तो नव्हता. उदबत्तीचा येत होता.

शेगडी भिंतीला टेकवून ठेवली होती. आतला भुसा ओला होऊन काळा लगदा झाला होता. पातेलं घासून पालथं घातलं होतं. ममता आपल्या दारात उभी होती, चेहरा पडलेला.

"मावशी, मी सांगत होते त्याला," ती म्हणाली. "आईला येऊ दे म्हटलं."

"कुणाला?"

ममतानं आक्काबाईच्या दाराकडे बोट केलं.

आत खाटेवर धुतलेली चादर होती आणि तिच्यावर प्रभाकर साहेब आणि त्यांची बायको नलिनीबाई बसले होते. प्रभाकर साहेब नाशिककडचे. आक्काबाईचा मुलगा गजानन आयटीआय करून ज्या कंपनीत स्टोअरला लागला होता, तिथले ते मॅनेजर. सहा महिने भरत आले होते आणि गजानन पर्मनंट होणार की नाही, ते त्यांच्या सहीवर होतं. सिल्वासाला जाता जाता ते सहज डोकावले होते. निदान गजानन तरी दुपारपासून सहज म्हणत होता. ते येणार असल्याचा निरोप त्याला सकाळी अकरालाच मिळाला होता, आणि तो अर्धी रजा टाकून घरी आला होता.

"ही आई," गजानन म्हणाला. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून बसवलेले.

आक्काबाईनं हात जोडले. मग सरळ मुलाला विचारलं, "मटण कुठंय?"

"कसलं मटण?" गजानन हसला. तो असा हसला की तिच्या पायातला दिवसभराचा ठणका एकदम मस्तकात गेला.

प्रभाकर साहेबांनी कप खाली ठेवला. "मघाशी येताना वास येत होता खरा. इथे कुणी डुक्कर-बिक्कर शिजवतं का हो?"

"तेच सांगत होतो ना सर," गजानन घाईघाईनं म्हणाला. "शेजारी आहेत. लखन म्हणून. त्याची बायको शिजवते. आम्ही कितीदा बोललो, पण अशा लोकांना कोण समजावणार?"

दार उघडं होतं. ममता तिथून चार हातांवर होती. आक्काबाईनं वळून बघितलं, तर ती पोरीला छातीशी धरून आत जात होती.

आक्काबाईला राग पटकन यायचा. सुपरवायझर तिच्याशी जपूनच बोलायचा. पण त्या रागाला आवाज असायचा, धडधड असायची, आणि तो लगेच ओसरायचा. हा तसा नव्हता. तिनं चपला काढल्या, बाजूला ठेवल्या, पदर खोचला आणि खाटेसमोर जमिनीवर मांडी घातली.

"साहेब, ते डुक्कर माझं होतं," ती म्हणाली. "ममताच्या घरात अंडं शिजत नाही. कसं शिजतं ते मी सांगते, म्हणजे तुम्हाला परत कुणाला विचारायला नको."

"आई," गजानन म्हणाला.

"तू गप्प बस. साहेब, तुकडा अख्खा घ्यायचा. बारीक केलेला चालत नाही, बारीक केला की सुकतो. सुरीच्या टोकानं त्याला भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकात लसणाची पाकळी दाबायची. वीस पाकळ्या तरी जातात. मग मीठ, हळद, लाल तिखट आणि चिंचेचा कोळ. चोळायचं, रात्रभर ठेवायचं. सकाळी पातेल्याच्या बुडाला कांदे उभे चिरून घालायचे, त्यांच्यावर तुकडा ठेवायचा, चरबीची बाजू वर. झाकण कणकेनं बंद करायचं. वर दगड. मग त्याला हात लावायचा नाही. चरबी सुटते आणि ते आपल्याच चरबीत शिजतं. नऊ तास. मी आठ तास कंपनीत उभी असते, तेव्हा ते इथं शिजत असतं. आल्यावर पळीनं नुसतं दाबलं की सुटतं."

 मग नलिनीबाईंनी विचारलं, "पाणी अजिबात नाही?"

"थेंबभर नाही, बाई."

प्रभाकर साहेब उठले. नलिनीबाईही उठल्या, पण जाताना त्यांनी ओट्यावरच्या शेगडीकडे वाकून बघितलं.

"पाणी यानं ओतलं," आक्काबाई त्यांच्या पाठीमागून म्हणाली. "शिजत आलेल्या अन्नावर."

साहेबांची स्कूटर लांब गेल्यावर गजाननचा तोल सुटला. "माझी नोकरी घालवलीस तू. सहा महिने त्या माणसाच्या मागे फिरतोय. आपण कोण, काय खातो, हे सगळं त्याच्यासमोर ओकायची काय गरज होती?"

"तुकडा कुठं टाकलास?"

"नाल्यात."

"नाल्यात," ती म्हणाली. "तुझा बाप काल दोन बस बदलून ते घेऊन आला. बरं, ते जाऊ दे. साहेबासमोर लाज वाटली, झाकून ठेवायचं होतंस. मी भांडले असते, पण विसरले असते. ममताचं काय?"

"तिचं काय मधेच?"

यावर तिनं हात उगारला आणि तो तसाच खाली घेतला. बावीस वर्षांच्या घोड्याला मारून काय होणार होतं?

"तिनं सकाळपासून ती शेगडी राखली. आणि तू तिलाच अशा लोकांत बसवलंस. तिच्या दारात जा. लखन घरी असेल तेव्हा जा आणि त्याच्यासमोर सांग की मी खोटं बोललो. तोवर माझ्या हातचं जेवायचं नाही."

"मी नाही जाणार."

"मग जेवूही नको."

तो त्याच संध्याकाळी बॅग भरून सिल्वासाला गेला. स्टोअरमधल्या तीन मुलांची एक खोली होती, तिथं चौथा होऊन राहिला. नथू घरी आला तेव्हा त्याला सगळं कळलं. तो तंबाखू मळता मळता म्हणाला, "पोरगं आहे. मला आधी बोलला असता तर मीच पातेलं उचलून वखारीत नेलं असतं."

"म्हणजे तूही लपवलं असतंस," आक्काबाई म्हणाली, आणि त्या रात्री नथूशीही बोलली नाही.

पुढच्या महिन्यात गजानन पर्मनंट झाला. साहेबांनी तो विषयच काढला नव्हता. त्यांना त्याचं काहीच पडलेलं नव्हतं. ही बातमी नथूनं आणली, खूश होऊन, पेढ्याचा पुडा घेऊन. ती ऐकून आक्काबाईचा राग उलट दुप्पट झाला. ज्याच्यासाठी शिजतं अन्न नाल्यात गेलं, ज्याच्यासाठी शेजारणीच्या तोंडाला काळं फासलं, त्या माणसाला त्याचं काही वाटलंच नव्हतं. पेढे तिनं ममताच्या पोरीला दिले. ममता पूर्वीसारखीच बोलायची, पण बुधवारी ओट्यावर यायची थांबली होती. आक्काबाईनंही तिला शेगडी राखायला सांगितलं नाही. दुपारी नथूच वखारीतून येऊन बघून जायचा.

दिवाळी झाली. तेव्हाही गजानन आला नाही. त्यानंतरच्या आठवड्यात, गुरुवारी, दिवेलागणीच्या वेळी तो चाळीत शिरला आणि स्वतःच्या घराकडे न बघता लखनच्या दारात उभा राहिला. आक्काबाई आत तांदूळ धूत होती. भिंत एका विटेची होती, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं.

"लखनभाऊ, वहिनी," गजानन म्हणाला, "त्या दिवशी साहेबासमोर मी खोटं बोललो. आमचं होतं ते तुमच्यावर ढकललं."

लखन म्हणाला, "मला त्याच दिवशी कळलं होतं. मी तुझी वाट बघत होतो."

मग ममताचा आवाज आला. "माझ्यावर ढकललंस, त्याचं एक वेळ सोड. पण मी शेगडीपुढे आडवी उभी होते, थांब म्हणत होते, तर तू मला हातानं बाजूला केलंस. तुला आठवतंय?"

आक्काबाईच्या हातातली तांदळाची परात थांबली. एवढं ममतानं तिला सांगितलं नव्हतं.

"आठवतंय," गजानन म्हणाला. "चुकलं."

"परत कुणाला असं करू नको," ममता म्हणाली. "जा आता."

तो घरात आला आणि दाराशीच बसला. वाळला होता. खानावळीचं जेवण त्याला कधीच मानवत नसे. आक्काबाईनं त्याच्याकडे बघितलं. राग जायला हवा होता, निदान तो जाईल असं तिला वाटलं होतं. पण आता त्यात ममताला लावलेला तो हातही मिसळला होता.

"आज गुरुवार आहे," ती म्हणाली. "वरण-भात आहे."

"चालेल."

तिनं ताट मांडलं. तो खाली मान घालून भराभर जेवला. नथू मधूनच दोघांकडे बघत होता आणि पाणी पीत होता. गजाननानं दुसऱ्यांदा भात मागितला, तेव्हा तिनं पातेलं त्याच्यापुढे सरकवलं. वाढला नाही.